सही कोणाची, हे कोण ठरवणार?

प्रश्न : आमच्या वडिलांचे २०१९ साली निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी थोरल्या भावाने वडिलांचे नोंदणी न केलेले मृत्युपत्र पुढे केले. त्यानुसार घर आणि बागायती जमीन सगळीच त्याच्याकडे जाते. त्यावरची सही वडिलांची नाही, असे आम्हा दोघी बहिणींचे म्हणणे असून २०२१ पासून दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे. आम्ही नेमलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञाने सही बनावट असल्याचे लिहून दिले, तर भावाच्या तज्ज्ञाने तीच सही अस्सल ठरवली. शास्त्र एकच असताना मते दोन कशी, आणि न्यायाधीश त्यातून निवड कशी करतात?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : पक्षकार स्वतः पैसे देऊन तज्ज्ञ नेमतो तेव्हा प्रतिकूल मत असलेला अहवाल सहसा न्यायालयाची पायरी चढतच नाही. त्यामुळे दाखल झालेले दोन्ही अहवाल आपापल्या पक्षकाराला सोयीचे निघाले, याचे न्यायालयाला नवल वाटत नाही.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ नुसार हस्ताक्षराच्या जाणकाराचे मत न्यायालयाला विचारात घेता येते. १ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ ने घेतली असली, तरी आपला दावा त्याआधीचा असल्याने त्याला जुनाच कायदा लागू राहील. मत विचारात घेता येते याचा अर्थ ते न्यायालयावर बंधनकारक असते असा मात्र नाही. मगन बिहारी लाल खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत अत्यंत सावधपणे घ्यावे असे सांगितले. पुढे मुरारी लाल खटल्यात (१९८०) त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा मताला दुसऱ्या पुराव्याची जोड असलीच पाहिजे असा कायद्याचा नियम नाही. मताची कारणे तपासून ती पटणारी असतील, तर त्यावर विसंबता येते. वकील मंडळी आपल्या सोयीने यातला एकच निकाल वाचून दाखवतात, परंतु दोन्हींचा रोख एकाच गोष्टीवर आहे आणि ती म्हणजे मतामागची कारणे.

तेव्हा दोन्ही अहवालांतील शेवटचा निष्कर्ष बाजूला ठेवून आधीची पाने वाचावीत. तज्ज्ञाने मूळ मृत्युपत्र पाहिले होते की झेरॉक्स, हे प्रथम तपासावे. लेखणीचा दाब, हात मध्येच कोठे थांबला, लेखणी कोठे उचलली, कोणता फाटा आधी ओढला या खुणा मूळ कागदावर भिंगाखाली दिसतात. झेरॉक्समध्ये त्यांपैकी बऱ्याचशा पुसल्या जातात आणि उरतो तो केवळ आकार, ज्याची नक्कल करणे सर्वांत सोपे असते. दुसरी बाब नमुना सह्यांची. वडिलांनी मृत्युपत्र उतारवयात केल्याचे सांगितले जात असेल आणि तुलनेसाठी तीस वर्षांपूर्वीचे खरेदीखत घेतले असेल, तर दोन सह्यांत फरक निघणारच, कारण वयाने आणि आजाराने हात बदलतो. तो फरक बनावटपणाचा पुरावा ठरत नाही. बँकेतील नमुना सही, निवृत्तिवेतनाचे कागद, दुय्यम निबंधकांसमोर केलेले दस्त अशा, त्याच सुमाराच्या आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या सह्या जितक्या अधिक, तितके मत भक्कम. आपल्या तज्ज्ञाचा अहवालही याच कसोटीला लावावा, कारण उलटतपासणीत समोरचे वकील तो लावणारच आहेत.

तज्ज्ञाचे मोठे नाव या बाबतीत फारसे कामी येत नाही. फ्रान्समध्ये १८९४ साली लष्करी अधिकारी कॅप्टन ड्रेफस यांच्यावरील देशद्रोहाच्या खटल्यात आल्फोन्स बर्टिलाँ यांनी वादग्रस्त चिठ्ठी ड्रेफस यांनीच लिहिल्याचे मत दिले होते. शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याच्या पद्धतीसाठी ते नावाजलेले होते, पण हस्ताक्षर हा त्यांचा विषय नव्हता. अक्षर जुळत नाही तेथे ड्रेफस यांनी स्वतःच स्वतःच्या अक्षराची मुद्दाम वेडीवाकडी नक्कल केली, असा अजब तर्क त्यांनी मांडला. ड्रेफस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले.

न्यायालयामार्फत तिसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी हवी असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली अर्ज करता येतो. तो मंजूर करणे न्यायालयाच्या मर्जीवर असते आणि पुरावा संपत आल्यावर केलेल्या अर्जाकडे वेळकाढूपणा म्हणून पाहिले जाते, म्हणून विलंब करू नये.

आता जे आपण विचारलेले नाही, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, ते सांगतो. मृत्युपत्र शाबीत करण्याचा भार आपल्या भावावर आहे आणि तो केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या जोरावर पेलता येत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि पुरावा अधिनियमाच्या कलम ६८ नुसार त्यांपैकी हयात व साक्ष देण्यास समर्थ असलेला किमान एक जण न्यायालयात तपासावा लागतो. वेंकटचल अय्यंगार प्रकरणात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची असते. दोन वर्षे कागद कोठे होता, तो लिहिला जात असताना भाऊ तेथे हजर होता का, मुलींना काहीच न देण्याचे कारण त्यात नमूद आहे का, हे प्रश्न त्या साक्षीदाराला व भावाला नीट विचारले गेले, तर दोन तज्ज्ञांच्या भांडणापेक्षा त्यांच्या उत्तरांनी निकाल फिरण्याची शक्यता अधिक आहे. नोंदणी नसल्याने मृत्युपत्र आपोआप रद्द होते, या समजुतीवर मात्र विसंबू नये; मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही.

प्रश्न : मी सहकारी बँकेत रोखपाल आहे. एका खातेदाराची सही ओळखण्यासाठी मला साक्षीचे समन्स आले आहे. मी हस्ताक्षरतज्ज्ञ नसताना माझी साक्ष कशी चालेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलेले नाही. एखाद्याचे अक्षर नेहमीच्या कामकाजात ज्याच्या नजरेखालून जाते, त्याचे मतही कायदा ग्राह्य धरतो. जुन्या कायद्यात ही तरतूद कलम ४७ मध्ये होती, नव्यात ती कलम ४१ मध्ये आहे. खातेदाराच्या सह्या आपण किती वर्षे व कोणत्या कामात पाहिल्या, एवढे प्रामाणिकपणे सांगावे आणि लेखणीच्या दाबाबिबाच्या चर्चेत पडू नये. खात्री नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. समन्समध्ये नमुना सहीचे मूळ कार्ड मागितले आहे का, हे आधीच पाहून शाखाधिकाऱ्यांकडून ते नेण्याची लेखी परवानगी घ्यावी.