संगणकातील अनोळखी भाग कसा ओळखावा?

प्रश्न : जुन्या संगणकावर विंडोज नव्याने टाकल्यापासून डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकातील भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजमधील सोयीत) ‘पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’, ‘एसएम बस कंट्रोलर’ आणि ‘अननोन डिव्हाइस’ अशा तीन नोंदी पिवळ्या खुणेसह दिसतात. हे भाग कोणते? ते बिघडले आहेत का? ड्रायव्हर आपोआप शोधणारे सॉफ्टवेअर वापरावे का?

उत्तर : पिवळी खूण दिसली म्हणजे भाग निकामी झाला, असे मुळीच समजू नये. नोंदीवर डबल क्लिक केल्यावर ‘कोड २८’ दिसत असेल, तर त्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर, बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. नोंद दिसते आहे, त्याअर्थी विंडोजला तो भाग सापडलेला आहे.

पीसीआय (मदरबोर्डला कार्डे व इतर भाग जोडण्याची पद्धत) जोडणीवरील प्रत्येक भागात उत्पादकाचा आणि त्या भागाचा असे दोन क्रमांक मुळातच नोंदवलेले असतात. ते पाहण्यासाठी नोंदीच्या प्रॉपर्टीजमधील ‘डिटेल्स’ या टॅबवर जाऊन यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. समोर येणाऱ्या ओळींपैकी पहिली सर्वांत नेमकी असते. तिच्यात ‘व्हीईएन’नंतरची चार चिन्हे उत्पादकाची आणि ‘डीईव्ही’नंतरची चार त्या भागाची असतात, मोजणी दहाऐवजी सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीची असल्यामुळे अंकांत ए ते एफ ही अक्षरेही येतात. एनव्हीडियाचा क्रमांक १०डीई, रिअलटेकचा १०ईसी आणि इंटेलचा ८०८६ आहे. हा ८०८६ म्हणजे इंटेलच्या १९७८ मधील प्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव, त्यामुळे तो एकदा वाचला की विसरत नाही. यूएसबी उपकरणांत हेच काम ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ करतात. इंटरनेटवर शोधताना दोन्ही क्रमांक एकत्र द्यावेत, कारण नुसत्या उत्पादकाच्या क्रमांकावरून भाग कळत नाही. याच ओळीतील ‘सबसिस’पुढचा आकडा ती चिप कोणी आपल्या कार्डावर किंवा लॅपटॉपमध्ये बसवली हे सांगतो, लॅपटॉपच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो.

आता आपल्या तीन नोंदींकडे वळू. इंटेलच्या संगणकावर पहिली नोंद बहुधा ‘मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस’ची (इंटेलच्या चिपसेटमधील अंगभूत व्यवस्थापन भागाची) असते, तर एसएम बसची नोंद चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरील भागांना जोडणाऱ्या मुख्य चिपचा, ड्रायव्हर बसवला की नाहीशी होते. म्हणून सुरुवात चिपसेटपासूनच करावी आणि संगणक पुन्हा सुरू करून काय उरले ते पाहावे. उरलेल्या नोंदीचा आयडी ‘एसीपीआय’ने सुरू होत असेल, तर ते बहुधा वेगळे कार्ड नसून बायोसने (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील सॉफ्टवेअरने) कळवलेले मदरबोर्डवरचेच काहीतरी असते, जसे लॅपटॉपमधील खास कळा किंवा एखादा सेन्सर. अशा वेळी मदरबोर्डचे किंवा लॅपटॉपचे मॉडेल माहीत असणे अधिक महत्त्वाचे ठरते. ते विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये सापडेल आणि त्याचे ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावर मिळतील.

ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअरे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतील काही जवळपासचा ड्रायव्हर बसवून मोकळी होतात, सोबत नको ती सॉफ्टवेअरेही घुसवतात, आणि चालू स्थितीतला संगणक अडकून पडतो. कॅबिनेट उघडण्याचीही येथे गरज नाही. विंडोजविषयीच शंका असेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. ती बहुतेक पीसीआय भागांची नावे थेट दाखवते. त्यानंतरही एखादी नोंद उरली, तर हार्डवेअर आयडीची पहिली ओळ जशीच्या तशी आम्हाला कळवावी. ‘अननोन डिव्हाइस’ एवढ्याच नावावरून काहीही सांगता येत नाही.