आरसी ३९० घेऊ का आरआर ३१०?

अगं, केटीएमची आरसी ३९० घ्यावी की टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०, हा तुझा मेसेज वाचला आणि दोन्ही ब्रोशरचे फोटो पण बघितले. तू पेनाने गोल केलेत ते सगळे आकडे पॉवर आणि वजनाचे आहेत, आरसीचे ४३.५ पीएस आणि नवीन आरआरचे ३८, वजन १७२ आणि १७४ किलो, म्हणजे जवळपास सारखंच, मग जास्त पॉवरवाली घेऊन मोकळं व्हावं असं तुला वाटतंय. पण तू विचारलं होतंस की वळणात कुठली चांगली, आणि ते या आकड्यांवरून कळणार नाही. टायरचा साइजसुद्धा दोघींचा एकच, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, चाकं १७ इंची, दोघींची ट्रेलिस फ्रेम (नळ्यांचा जाळीदार सांगाडा), दोघींना अपसाइड डाउन फोर्क (पुढचं उलटं बसवलेलं सस्पेन्शन). तरी कोंढव्याहून सासवडला जाणाऱ्या बोपदेव घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणात दोघी एकदम वेगळ्या वागतात.

आरसी घाईची गाडी आहे. उजवं हँडल जरासं पुढे ढकललंस की लगेच उजवीकडे पडते, आणि लागोपाठ उजवं-डावं आलं की तिची खरी मजा कळते, कारण २०२२ च्या मॉडेलपासून चाकं जुन्यापेक्षा हलकी केलीत, आणि फिरतं वजन कमी असलं की चाक दिशा बदलायला कमी अडून बसतं. पुढचं चाक रस्त्यावर काय करतंय हे तळहाताला कळतं, तेवढी पकड मला या किमतीत दुसरीकडे कुठे जाणवलेली नाही. मात्र इंजिन ३७३ सीसीचं, एकच मोठा पिस्टन, चार हजार आरपीएमच्या खाली ते हिसके देतं. वळणाच्या मध्यात चुकीच्या गिअरमध्ये सापडलीस आणि रेस उघडलीस की तो हिसका सरळ मागच्या टायरला जातो आणि गाडी लाइन सोडते. त्याच्यामुळे वळणाच्या आधीच गिअर खाली टाकून इंजिन फिरतं ठेवावं लागतं, ते अंगात मुरेपर्यंत आरसी दमवते.

आरआरचं वेगळं आहे. तिच्या इंजिनाचा सिलिंडर मागे झुकवलाय, हवा पुढून आत जाते आणि सायलेन्सरचा पाइप मागून निघतो. अशा मांडणीमुळे इंजिन पुढे सरकवता आलं आणि स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, लांब ठेवता आला. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३६५ मिमी आहे, आरसीपेक्षा थोडा जास्त. म्हणून वळणात शिरताना ती जरा निवांत झुकते, तुला वाटेल की सुस्त आहे, पण एकदा झुकली की तिथेच बसते, मध्ये डांबराचा जोड आला, एखादा पॅच आला तरी डगमगत नाही, आणि रेस उघडताना हात थोडा चुकला तरी सांभाळून घेते कारण टॉर्कही (इंजिनाची ओढ) २९ एनएम आहे, आरसीसारखा ३७ नाही. शिवाय मिशेलिन रोड ५ टायर कंपनीकडूनच येतात, पावसाळ्यात पुण्यात हे फार कामाचं.

आता हे सगळं तुला स्वतःच्या हाताने तपासायचंय आणि इथेच बहुतेक जण फसतात. शोरूमची टेस्ट राइड म्हणजे सर्व्हिस रोडवरून एक यू टर्न मारून परत, त्यात काय कळणार. त्यात पेट्रोल पंपावरच्या पोराने दोन्ही टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरून दिलेली असते आणि मग कडक टायरची गाडी उड्या मारते म्हणून लोक सस्पेन्शनला नावं ठेवतात. दोन्ही गाड्या ओळखीतल्या कोणाच्या तरी मिळव, एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, हवा मॅन्युअलप्रमाणे, टायर थंड असताना गेजने मोजून.

दुसरं म्हणजे सॅग, म्हणजे तू बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते, आणि तुझ्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. गाडी शेपटीकडून उचलून मागचं चाक जमिनीवरून सुटून लटकू द्यायचं, अ‍ॅक्सलपासून सरळ वर शेपटीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि टेपने अंतर मोजायचं. मग गाडी खाली घेऊन तू पूर्ण राइडिंग गिअर घालून बसायचं, एकाने पुढून गाडी धरायची, पाय फूटपेगवर, आणि परत मोजायचं. फरक साधारण ३० ते ४० मिमी यायला हवा. तुझं वजन पन्नास-बावन्न किलो, तुझ्यासाठी कंपनीची स्प्रिंग कडक पडणार, मागची बाजू दबणारच नाही, शेपूट उंच आणि तोंड खाली राहणार. तशी गाडी आणखी पटकन वळते आणि भेदरल्यासारखी वाटते. आरसीवर हे झालं तर तुला वाटेल गाडी आपल्या हातातली नाही, आणि कारण निघेल फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते. आधी प्रीलोड कमी कर, मग मत बनव.

चालवताना एक वळण निवड, वेग बेताचा ठेव आणि तेच वळण परत परत घे. हँडलला किती जोर लागला, झुकल्यावर गाडी अजून आत पडते का बाहेर निघू बघते, ब्रेक हळूहळू सोडत आत शिरलं तर पुढचा फोर्क शांत राहतो का, एवढंच बघ. खांद्यात ताठरपणा आला तर थांब, कारण हँडलवर लटकलं की कुठलीच गाडी नीट वळत नाही, टाकी गुडघ्यांनी धरायची आणि हात सैल. आरसीला कॉर्नरिंग एबीएस (गाडी झुकलेली असतानाही ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) आहे, पण डंपरमधून सांडलेल्या खडीवर त्याचा भरवसा धरू नकोस. घाटात पलीकडून एसटी अर्ध्या रस्त्यावर येऊन वळते हे धरूनच चालायचं.

माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी आरआर, कंपनीच्या डायनॅमिक किटसकट, म्हणजे पुढचे फोर्क आणि मागचा शॉक दोन्ही पूर्ण अ‍ॅडजस्टेबल मिळतात आणि तुझ्या वजनाला सेट करता येतात. रोज कोथरूड ते हिंजवडी जायचंय, चांदणी चौकात दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहायचंय, तिथे आरसीचे हिसके आणि उंच सीट तुला त्रास देतील. कोइंबतूरला कारी स्पीडवेवर ट्रॅक डे करायचे पक्के असते तर मी डोळे झाकून आरसी सांगितली असती. तरी दोन्ही चालवल्यावर तुझा जीव आरसीवर बसला तर तीच घे, फक्त सॅग सेट करूनच शोरूममधून बाहेर काढ.

गाड्यांची सोय झाली की कळव, गेज आणि टेप माझ्याकडे आहे. सकाळी सहाला कोंढव्यातून निघू, नऊच्या आत खाली उतरू, त्यानंतर सासवडकडची गर्दी सुरू होते. जॅकेट आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज आण, नाहीतर गाडीवर बसू देणार नाही.