क्षमा केली, मग हिशेब विचारायचा की नाही?

"पाळकसाहेब म्हणाले क्षमा कर, मी केली. आता पैशाचं काही विचारलं की हे म्हणतात, म्हणजे तू माफ केलंच नाही!" नागपुरात जरीपटक्याकडच्या एका ख्रिस्ती शिक्षिकेची ही तक्रार; पाळकसाहेब म्हणजे तिच्या चर्चचे धर्मगुरू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याच्या दुसऱ्या सिमवर आलेला वसुलीवाल्याचा फोन तिने उचलला, आणि तीन अ‍ॅपची कर्जं, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सराफाकडे गहाण पडलेल्या तिच्या बांगड्या, सगळं बाहेर आलं. नवऱ्याचं एकच पालुपद: "दुसरी बाई तर नाही ना केली जी मी?"

ख्रिस्ती घरांत हे वाक्य फार ऐकू येतं, जणू वेदीसमोरचं वचन देहापुरतंच होतं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 उघडा. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने जमीन विकली, काही पैसा गुपचूप ठेवला आणि सगळा दिल्याचं भासवलं. प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझी, विकल्यावर आलेला पैसाही तुझाच. दोष पैसा ठेवण्यात नव्हता, खोटं बोलण्यात होता. कर्ज होणं आणि कर्ज लपवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बायकोच्या तोंडावर फेकलं जाणारं 1 करिंथ 13, 'प्रीती अपकार स्मरत नाही'? ते सूड न धरण्याबद्दल आहे, पासबुक न उघडण्याबद्दल नाही. जक्कय या जकातदाराने येशूसमोर नुसती माफी मागितली नाही. कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो म्हणाला, म्हणजे आकडा बोलला. क्षमा आज करता येते, विश्वासाला महिने लागतात. तो हवा असेल तर लपवणाऱ्याने कागद स्वतःहून समोर ठेवायचे.

इथे हमखास बिघडतं ते हप्त्याहप्त्याने सांगण्यामुळे. आज दोन कर्जं, पुढच्या महिन्यात तिसरं. दर वेळी जखम पहिल्यापेक्षा खोल. म्हणून नवऱ्याला आठ दिवसांची मुदत दिली: सगळं स्वतःच्या हाताने लिहा. मग ती यादी क्रेडिट रिपोर्टशी ताडायची. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, चारही ठिकाणी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पण सराफाकडचं गहाण, भिशी आणि मित्रांची उसनवारी त्यात दिसत नाही. ते तोंडीच विचारावं लागतं.

त्याच्या यादीच्या तळाशी 'किरकोळ उसने' असं होतं, पुढे आकडा नाही.
"किरकोळ म्हणजे किती?"
"चाळीस."
"चाळीस काय?"
चाळीस हजार, तेही तिच्याच भावाकडून. ती रडली ती रकमेसाठी नाही. भावाला माहीत होतं आणि आपल्याला नाही, यासाठी.

मग शनिवारी रात्री वीस मिनिटांची बैठक ठरली. रविवारी सकाळी मुळीच नको. गाडीत भांडून प्रभुभोजनाला बसणारी जोडपी कमी नाहीत. बँकेचं स्टेटमेंट, हप्त्यांची वही, आणि त्याने स्वतःहून सांगायचं की या आठवड्यात काय लपवावंसं वाटलं. बाकी सहा दिवस तिने त्याचा फोन तपासायचा नाही. बायको पोलीस झाली की नवरा चोरीत तरबेज होतो. सहा महिने नीट गेले की बैठक महिन्यातून एकदा. तिची गुपचूप आवर्ती ठेवही वहीत आली, कुरकुरत का होईना. (बायकांच्या डब्यातल्या पैशांवर वेगळं लिहावं लागेल.)

फेडताना आधी कार्ड: त्याचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, आणि नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरत राहिलं तर मुद्दल फारसं हलत नाही. दशमांशाचं, म्हणजे चर्चला द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचं विचाराल, तर दानाचं पाकीट हलकं झालं तरी चालेल. उसन्या पैशाने जाड दिसू नये. वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तक्रार आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

पहिलं वर्ष तिने कुठल्याही नव्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करू नये. "विश्वास नाही का?" असं तो म्हणालाच, तर कागद शनिवारच्या बैठकीत ठेवायला सांगावा.