चित्राचं निदान करू नकोस

प्रिय मैत्रिणी,

तुझा आराखडा वाचला. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ‘आर्ट थेरपी’चे तास, तेही डिसेक्शन हॉल, म्हणजे शवविच्छेदनाचे तास, सुरू होतो त्याच सुमारास. वेळ अचूक निवडलीस, नाव मात्र बदल. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडला होता. तिथे चित्रं काढताना त्याला जे उमगलं, त्याला त्याने १९४२ मध्ये हे नाव दिलं. आज तो रीतसर शिकून करायचा व्यवसाय आहे. तू तर त्या मुलांची शिक्षिका. जिच्या हातात इंटर्नलचे मार्क आहेत तिच्यासमोर कोण मन मोकळं करेल?

गिरिजा कैमल यांच्या २०१६ च्या अभ्यासावर तू फार भार टाकला आहेस. ४५ मिनिटं चित्रात रमल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं, हे खरं. पण माणसं होती ३९, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. कमिटीत एखादे फार्माकॉलॉजीचे सर असले की पहिला प्रश्न हाच येईल.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं उदाहरण दे. तिथले त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन आणि कलासंग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांनी विद्यार्थ्यांना जुन्या चित्रांसमोर उभं केलं. आधी फक्त काय दिसतं ते सांगायचं. हात कुठे आहे, उजेड कुठून येतो, कोण कोणाकडे बघत नाही. ‘ही बाई दुःखी आहे’ असं कोणी म्हणालं की विचारायचं, कशावरून? २००१ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापले: असा सराव केलेल्यांना नंतर रुग्णांच्या छायाचित्रांत जास्त बारकावे टिपता आले. आपली मुलं बारावीपासून चार पर्यायांतून एकावर झडप घालायला शिकून आलेली असतात. उत्तर थोडं लांबवून बघत राहायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि हाच नियम तुलाही लागू, हे मला ठासून सांगायचं आहे. एखाद्या मुलीने पान काळं केलं, एखाद्याने बिनचेहऱ्याचं शरीर काढलं, की ‘हिला नैराश्य आहे’ असं आपल्या मनात पटकन उमटतं. तोंडून काढू नकोस. काळा खडू जवळ होता, एवढंही कारण असू शकतं. ‘इथे तू रेघ दोनदा गिरवली आहेस’ इतकंच म्हण आणि थांब. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर पुढच्याकडे जा. खरंच काळजी वाटली तर तास संपल्यावर एकटीला गाठून विचार. कॉलेजच्या समुपदेशकांना मात्र आधीच सांगून ठेव.

चित्रकला येत नाही म्हणून मुलं कुरकुरतील. त्यांना त्यांचीच हिस्टॉलॉजीची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ऊतींची, जर्नल दाखव! गुलाबी-जांभळ्या पेन्सिली झिजवून वर्षभर चित्रंच तर काढतात बिचारी, फक्त सीनियरच्या जर्नलवरून बघून. इथे नक्कल करायला काही नसेल, एवढाच फरक.

जागा एटकॉममध्ये, म्हणजे एमबीबीएसच्या वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणाऱ्या भागात, मिळेल. ‘शव हा आपला पहिला शिक्षक’ या अर्थाचं मोड्यूल पहिल्या वर्षाला आहेच, वेगळे तास मागायची गरज नाही. दीडशेच्या बॅचला एकदम बसवू नकोस, आठ-दहांचे गट कर. शरीराची बाह्यरेखा काढून आत अनुभव रंगवायची पद्धत, बॉडी मॅपिंग, तू पहिल्याच तासाला ठेवली आहेस. ती दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांबरोबर रुजली. तिच्यातून जुनं काहीबाही वर येतं, आणि ते सावरणारं माणूस तुझ्याकडे नाही. काढून टाक.

मार्क नकोत, उपस्थिती पुरे. कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीसाठी फोटो मागितले जातील, गॅदरिंगला प्रदर्शन लावा असंही कुणी उत्साहाने सुचवेल. दोन्हीला नाही म्हण, आणि ते पहिल्याच तासाला मुलांसमोर जाहीर कर.

सुधारलेला आराखडा पाठव. या वेळी दोन पानांत बसव.

तुझी,
मॅडम