गुहागरला आठ दिवस? मग यादी फाडा

पहिल्यांदाच एवढी मोठी रजा काढताय म्हणून सांगतो. आज वेळणेश्वर, उद्या हेदवी, परवा जयगड असली यादी नको. पहिले दोन दिवस हात सारखा मोबाइलकडे जाईल. जाऊ द्या, तिसऱ्या दिवशी चार्जर कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

आखायचंच असेल तर भरती-ओहोटी बघून आखा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाणी पार आत गेलेलं असतं आणि ओली, टणक पुळण मोकळी मिळते. चपला खोलीवरच ठेवा आणि सुरूच्या बनाकडून निघून पाय दुखेपर्यंत चाला. खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढलेली असते, त्यातच माझा अर्धा तास जातो. पोहायला मात्र ओहोटीत उतरू नका, पाण्याला ओढ असते.

उकडीचे मोदक हवेत तर जिथे उतराल त्या घरच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुपारी जेवण झालं की पडवीतला झोपाळा. पुस्तक न्या हवं तर. माझं चार वर्षं त्याच पानावर आहे.