नाचण काही थांबत नाही!

प्रश्न : लांबचे पक्षी टिपायला १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली. सिंहगडाच्या पायथ्याला ओढ्यापाशी नाचण पक्षी भरपूर दिसतो, पण फोटो हलतो नाहीतर फोकस मागच्या काटक्यांवर जातो. ट्रायपॉड घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ट्रायपॉडचे पैसे तूर्त राहू द्या. नाचणामागे तो वळवता वळवता तुमचीच दमछाक होईल. इथे हात कमी हलतोय, पक्षी जास्त! शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी ठेवू नका आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. झाडीच्या सावलीत तो ३२०० वर गेला तरी बिचकू नका. त्याने दाणेदार झालेला फोटो बराच सुधारता येतो, हललेला नाही.

फोकसला एकच बिंदू ठेवा, तोही डोळ्यावर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात ६०० मिमी, एफ ६.३ इतकं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि पाच मीटर अंतर धरलं, तर जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. शेपटीचा पंखा धूसर झाला तर खुशाल होऊ द्या.

आणि मागे धावू नका हो. नाचण चिलटं टिपत त्याच त्या झुडपांत घुटमळतो, आवडत्या फांदीवर परत येतो. ती फांदी हेरून, मागे लांबची सावली येईल असे खाली बसा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे महाभाग तिथे भेटतीलच. त्यांच्या नादी लागू नका. विणीच्या दिवसांत बिचारा नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो, पिल्लांना भरवायचं राहतं. घरटं दिसलं, तर फोटो न काढता पुढे चला.