स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीसाठी कोणत्या टाइल्स निवडाव्यात?

आपला ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, त्यामागची भिंत आठ फूट लांब आहे आणि पांढऱ्या सबवे टाइल्स, मोरोक्कन नक्षीच्या टाइल्स व रंगीत काच यांपैकी काय घ्यावे हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते रंग आणि नक्षी पाहण्याआधी सांध्यांचा हिशेब करावा, कारण रोज फोडणी होणाऱ्या घरात टाइल सहसा खराब होत नाही. खराब होतात ते दोन टाइल्समधले सांधे.

ओटा आणि वरची कपाटे यांच्यामध्ये साधारणपणे दोन फूट भिंत उघडी राहते. तिथे १२ बाय २४ इंचांच्या टाइल्स उभ्या बसवल्या, तर आठ टाइल्समध्ये काम होते आणि मधले सांधे सगळे मिळून १४ फूट भरतात. त्याच जागेत ३ बाय ६ इंचांच्या सबवे टाइल्स १२८ लागतात आणि सांध्यांची लांबी ८५ फुटांच्या घरात जाते. सांध्यांत भरतात ते सिमेंटचे मिश्रण, म्हणजे ग्राउट, सच्छिद्र असते. तेलात उतरलेला हळदीचा रंग त्यात सहज मुरतो आणि सोड्याच्या पाण्याने घासल्यास डाग जाण्याऐवजी लालसर होतो. (हळदीपासून कुंकू करताना तिच्या याच गुणाचा उपयोग होतो.) त्यामुळे सबवे टाइल्सच हव्या असतील, तर एपॉक्सी (सिमेंटऐवजी राळेचे, डाग न शोषणारे) ग्राउट घ्यावे आणि त्यासाठी या कामाची सवय असलेला कारागीर शोधावा, कारण ते महाग असते, लवकर घट्ट होते आणि वेळीच पुसले नाही, तर टाइलवर त्याचा थर तसाच राहतो.

मोरोक्कन नक्षीवर डाग कमी दिसतात हे खरे, परंतु आठ फूट सलग नक्षी रोज पाहणे मला जड वाटते. किटली, कप आणि द्राक्षांचे घोस छापलेल्या हायलायटर टाइल्स एके काळी घरोघरी बसल्या. त्या अजून शाबूत आहेत आणि अनेक घरमालकांचे दुःख नेमके तेच आहे. दुकानदार नक्षीची टाइल सिमेंटची असल्याचे सांगत असेल, तर ती शेगडीमागे लावू नये. संगमरवरही तिथे नको. लिंबू, चिंच आणि कोकम यांच्या आम्लाने त्याची झिलई जाते.

काच पुसायला सर्वांत सोपी. मात्र शेगडीमागे ती टफन केलेलीच (तापवून मजबूत केलेली) हवी आणि अशी काच नंतर कापता येत नाही. प्लगची सर्व भोके आधीच पाडून घ्यावी लागतात, म्हणून माप ओटा व वायरिंग पूर्ण झाल्यावरच द्यावे.

आपल्या जागी मी फिकट राखाडी किंवा मोतिया रंगाच्या, चकचकीत १२ बाय २४ इंचांच्या टाइल्स उभ्या लावून घेतल्या असत्या, दोन मिलिमीटरचे सांधे टाइलच्याच रंगाच्या एपॉक्सीने भरले असते आणि ओटा व भिंत मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरायला सांगितले असते, कारण तिथे होणाऱ्या बारीक हालचालीने ग्राउटला भेग पडते. खोकी एकाच बॅचची आहेत याची खात्री करून एक-दोन टाइल्स जास्त घ्याव्यात. पुढे एखादी फुटली, तर तीच छटा मिळणे कठीण जाते.